गाडीच्या एसीतला गॅस खरंच ‘संपतो’ का?



मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्याचा पारा ४५ अंशांकडे सरकला की गॅरेजवर एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, “भाऊ, एसीचा गॅस संपला, भरावा लागेल.” आपणही मान डोलावतो, पैसे देतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. पण गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून तोच तोच फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळाला आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार.

दहावीच्या विज्ञानात ‘उष्णता’ या पाठात आपण अप्रकट उष्मा शिकवतो. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता घेतो, म्हणून माठातलं पाणी गार राहतं. एसीत पाण्याऐवजी बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा पदार्थ असतो. तो साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या आत, इव्हॅपोरेटरमध्ये, त्याची वाफ होते आणि तो आतल्या हवेतली उष्णता उचलतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो. मग पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर ती उष्णता बाहेर फेकतो, वाफेचा पुन्हा द्रव होतो. म्हणजे एसी थंडी ‘तयार’ करत नाही, उष्णता आतून बाहेर वाहून नेतो. मुलांना हे गाडीजवळ उभं करून दाखवा, फळ्यापेक्षा लवकर कळतं.

आता बिघाड ओळखायचा कसा? आधी हवा किती येते ते बघा. पंखा चारवर ठेवूनही झोत कमजोर असेल तर संशय गॅसवर नको, केबिन फिल्टरवर घ्या. बऱ्याच गाड्यांत तो डावीकडच्या कप्प्यामागे असतो. कप्पा सोडवला की फिल्टर ड्रॉवरसारखा ओढून निघतो. आपल्याकडची धूळ, त्यात कपाशीच्या हंगामातला तंतू, यामुळे तो जाजमासारखा भरलेला असतो. हलका झटका, फारच काळा असेल तर नवा घाला. छोट्या गाड्यांचा काही शे रुपयांत मिळतो. बसवताना त्याच्यावरचा बाण मात्र पाहून बसवा.

दुसरी खूण अशी. महामार्गावर एसी छान चालतो, पण रेल्वे फाटकावर किंवा बाजारात गाडी थांबली की गरम हवा येऊ लागते. पळत्या गाडीत कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो, थांबल्यावर तो पंख्याने द्यावा लागतो. म्हणजे एकतर पंखा फिरत नाही, नाहीतर कंडेन्सर किडे-मातीने बुजलाय. तो धुणं घरी सहज जमतं. इंजिन थंड, चावी काढलेली (विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, बोटं जातील) आणि बागेच्या पाइपाचं हलकं पाणी. वॉशिंग सेंटरची जोरदार धार जवळून मारली तर पातळ पत्र्या वाकतात आणि वारा कायमचा अडतो.

पायाखाली पाणी साचत असेल तर गॅसचा काही संबंध नाही. इव्हॅपोरेटरवर जमणारं दवाचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते. कोरड्या मे महिन्यात हे पाणी कमी आणि पावसाळ्यात जास्त का पडतं, हा प्रश्न वर्गात विचारून बघा. त्याच पाठातली आर्द्रता आणि दवबिंदू तिथेच भेटतील.

झोत जोरात येतोय, पंखा फिरतोय, कंडेन्सर स्वच्छ आहे, तरी हवा गार नाही, अशा वेळी गॅसचा विचार करा. बॉनेट उघडून एसीच्या नळ्यांचे सांधे फक्त बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, त्यामुळे गळणाऱ्या सांध्यावर चिकट काळी धूळ दिसते. मात्र पाना लावू नका. चालू एसीत जास्त दाबाच्या बाजूला साध्या हवेच्या दहा-पंधरा पट दाब असतो, आणि सुटलेला गॅस बोटांवर किंवा डोळ्यांत गेला तर तिथली कातडी गोठते. ऑनलाइन डबा मागवून घरी गॅस भरणं मला अजिबात पटत नाही. किती भरला ते मोजता येत नाही, आणि जास्त झाला तरी गारवा कमीच होतो.

गॅरेजवाल्याला तीन गोष्टी विचारा. गळती कुठे सापडली? भरण्याआधी व्हॅक्यूम करणार का? गॅस वजन करून भरणार का? व्हॅक्यूम केल्याने नळ्यांतली हवा आणि ओलावा निघतो, नाहीतर तो ओलावा आत गोठून वाट अडवतो. गॅस कोणता आणि किती ग्रॅम, हे बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. छोट्या गाडीत साधारण अर्धा किलोच्या आसपास.

पालकांना एक सांगायलाच हवं. “एसी चालू आहे ना” म्हणून लेकराला गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका. इंजिन बंद पडलं तर उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं.

हीटरचं थोडक्यात. धुळ्याच्या थंडीत तो लागतोच. त्यात गॅस नसतो, इंजिनचं गरम कूलंट असतं. म्हणून कन्नड घाट चढताना इंजिन तापायला लागलं तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा, काचा उघडा. घाम फुटेल, पण इंजिनची थोडी उष्णता तिकडून निघेल. काटा तरी उतरला नाही तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.