गारठ्यातला कॅमेरा

पुतण्याने साठवलेली सारी शिल्लक मोडून एक कॅमेरा घेतला तेव्हा, खरे सांगतो, मी त्याच्यावर रागावलो. मूठभर डबा, त्याला बटण नाही की भिंग नाही!

“काका, दुर्बीण हेच याचे भिंग. पण आधी याला गार करायचे!”

मराठीच्या मास्तराला हे कोडेच. उलगडा असा, की कॅमेऱ्यातला संवेदक प्रकाशाची वीज करतो. पण स्वतःच्या उष्णतेनेही त्यात वीज सुटते. दिवसा ते जाणवत नाही. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश मात्र २५ लाख वर्षे चालून, क्षीण होऊन येतो. त्याच्यासाठी मिनिटेच्या मिनिटे डोळा उघडा ठेवावा लागतो आणि तेवढ्यात त्या उष्णतेचे ठिपके चित्रभर पसरतात. तापमान ६-७ अंश उतरले, की हा उपद्रव साधारण निम्मा होतो. म्हणून पाठीशी एक विजेची चकती असते. वीज वाहिली, की तिची एक बाजू गार, दुसरी गरम. हा चमत्कार पेल्तिए या फ्रेंच संशोधकाने १८३४ साली दाखविला. गरम बाजूला पंखा लावला, की २० अंशांच्या रात्रीही संवेदक उणे १० वर जातो.

तरी आमच्या गच्चीवरून आला तो नारिंगी धुरळाच! कॅमेरा गार झाला. शहराचे दिवे कोण मालवणार? मग गावाकडच्या माळावर गेलो. पहाटे पडद्यावर देवयानीची चकती उमटली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची. दिवाळीला गावी असाल, तर रात्री नऊ-दहाला अंगणातला विजेचा दिवा मालवा आणि डोक्यावर, किंचित उत्तरेला पाहा. तो पुसट पुंजका नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. पणत्या खुशाल तेवू द्या!