रंगांधत्व आणि उपयोजित कला

पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत २०१५ साली चित्रपट संकलनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी एका उमेदवाराचे नाव निवडयादीत आले. वैद्यकीय तपासणीत त्याला रंगांधत्व असल्याचे आढळले आणि संस्थेच्या त्या वेळच्या नियमानुसार प्रवेश नाकारण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि १२ एप्रिल २०२२ रोजी, संस्थेचे सर्व अभ्यासक्रम रंगांध उमेदवारांना खुले करावेत, असा आदेश दिला. चित्रपट हे अनेकांच्या सहकार्याने सिद्ध होणारे काम आहे आणि एकाच्या दृष्टीतील उणीव सहकाऱ्याच्या साहाय्याने भरून काढता येते, हा विचार त्यामागे होता.

निवाडा चित्रपटशिक्षणाविषयीचा असला तरी त्यातून उपस्थित होणारा प्रश्न अधिक व्यापक आहे. मुखपृष्ठे, भित्तिपत्रके, वस्तूंची वेष्टने, बोधचिन्हे आणि संगणकाच्या पडद्यावरील पृष्ठे यांची रचना करणारा उपयोजित चित्रकार, ज्याला आज सर्वत्र ग्राफिक डिझायनर म्हटले जाते, तो रंगांध असेल तर त्याचे काम कसे चालावे? झाडाचे खोड हिरवे आणि पाने तपकिरी रंगविणारा एखादा मुलगा वर्गात हास्याचा विषय होतो. त्याची रेषा चांगली असली, अक्षरे सुबक असली, तरी ‘तुला चित्रकला जमणार नाही’ हे त्याच्या मनावर तेव्हाच ठसते. हा निष्कर्ष किती घाईचा असतो, हे या व्यवसायाची कार्यपद्धती पाहिल्यावर लक्षात येते.

उणीव नेमकी कोणती?

‘रंगांधळेपणा’ हा शब्दच थोडा फसवा आहे. ज्याला जग केवळ काळेपांढरे दिसते असा मनुष्य अत्यंत विरळा. डोळ्याच्या दृष्टिपटलात शंकूच्या आकाराच्या तीन प्रकारच्या पेशी असतात आणि प्रकाशाच्या दीर्घ, मध्यम व लघु तरंगांना त्या वेगवेगळा प्रतिसाद देतात. या तीन प्रतिसादांच्या तुलनेतून मेंदूला रंगाचे ज्ञान होते. पहिल्या दोहोंपैकी एका प्रकारच्या पेशींतील रंगद्रव्य नसले किंवा सदोष असले, म्हणजे तांबडा व हिरवा यांच्या आसपासचे रंग परस्परांत मिसळू लागतात. तपकिरी व हिरवा, गुलाबी व करडा, जांभळा व निळा या जोड्या अशा व्यक्तीला फसवितात. निळा आणि पिवळा मात्र तिला बहुधा स्वच्छ वेगळे दिसतात. या दोषाच्या एका प्रकारात तांबडा रंग विलक्षण गडद भासतो. काळ्या पाटीवरील तांबडी अक्षरे अशा व्यक्तीला जवळजवळ दिसतच नाहीत.

ही उणीव बहुधा जन्मजात असते. तिचा वारसा एक्स गुणसूत्राबरोबर येतो. पुरुषाजवळ हे गुणसूत्र एकच असल्यामुळे दोष पुरुषांत अधिक आढळतो आणि मुलाकडे तो आईच्या मार्फत येतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण शेकडा ८ च्या सुमारास असून स्त्रियांत ते शेकडा अर्ध्याच्या आसपास आहे. भारतात केलेल्या पाहण्यांमध्ये पुरुषांतील प्रमाण यापेक्षा कमी दिसून आले आहे. तरीही मोठ्या शाळेत असे काही विद्यार्थी असणारच. रंगीत भिंगांच्या चष्म्याने काही छटांमधील फरक ठळक होतो, पण मूळ उणीव त्याने दूर होत नाही.

विशेष म्हणजे ज्याला ही उणीव आहे त्याला ती बहुधा कळतच नाही, कारण तुलनेसाठी दुसऱ्याचा डोळा त्याच्याजवळ नसतो. अणुसिद्धांतामुळे पाठ्यपुस्तकांतून आपल्या परिचयाचा झालेला जॉन डाल्टन यालाही ती प्रौढपणीच कळली. जिरॅनियमचे गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशी आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसे. १७९४ साली मँचेस्टर येथील विद्वानांच्या मंडळापुढे त्याने या अनुभवावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा, असा त्याचा तर्क होता व मृत्यूनंतर त्याची शहानिशा व्हावी अशी त्याची इच्छा होती. १८४४ मध्ये ती झाली. द्रव स्वच्छ निघाला. तर्क चुकला, परंतु डोळ्याचे अवशेष जपून ठेवण्यात आले. त्यांच्या आनुवंशिक तपासणीतून, मध्यम तरंगांना प्रतिसाद देणारे रंगद्रव्य डाल्टनजवळ नव्हते, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. ठिपक्यांमध्ये दडलेले अंक ओळखण्याची जी परीक्षा आज सर्वत्र घेतली जाते, ती जपानचे डॉ. शिनोबु इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली.

आकड्यांनी ठरणारा रंग

चित्रकाराने रंग डोळ्याने पारखावा, अशी आपली समजूत असते. कागदावर किंवा कापडावर स्वतःच्या हाताने रंगविणाऱ्या चित्रकाराच्या बाबतीत ती पुष्कळशी खरी आहे. छपाईसाठी काम करणाऱ्याचा रंग मात्र फार पूर्वीच आकड्यांत बांधला गेला आहे. सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी या चार शायांचे शेकडा प्रमाण लिहिले की कोणत्याही छापखान्याला हवा तो रंग सांगता येतो. संगणकाच्या पडद्यावर तांबडा, हिरवा व निळा यांचे ० ते २५५ असे अंक हेच काम करतात. पँटोन या कंपनीने १९६३ साली क्रमांकित रंगपट्ट्यांची पद्धत आणली. तेव्हापासून ‘थोडा गर्द, थोडा तांबूस’ अशा भाषेची गरज आणखी कमी झाली. आपल्या राष्ट्रध्वजाचा केशरी व हिरवा रंगदेखील कोणाच्या नजरेवर सोपविलेला नाही. ध्वजाच्या भारतीय मानकात ते आकड्यांनी निश्चित केलेले आहेत.

याचे कारण रंगांध कारागिरांची सोय हे नव्हते. निर्दोष डोळाही उजेडानुसार फसतो. ट्यूबलाइटखाली पसंत केलेला नमुना उन्हात नेला की वेगळा दिसतो. म्हणूनच चांगल्या छापखान्यात नमुने ठराविक प्रमाणित प्रकाशाखाली तपासतात आणि शाईची घनता उपकरणाने मोजतात. सर्वांसाठी उभी राहिलेली ही व्यवस्था रंगांध संकल्पनकाराला आयतीच उपयोगी पडते.

प्रत्यक्ष कामात तो काय करतो? प्रथम तो संपूर्ण रचना काळ्या, पांढऱ्या व करड्या छटांत उभी करतो. मथळा, चित्र, मजकूर यांतील मोठेलहान, जवळदूर, महत्त्वाचे व गौण हे सारे रंगाविना स्पष्ट झाले की मगच रंगांकडे वळतो. रंग निवडताना नाव आणि क्रमांक लिहिलेला ठराविक संच जवळ बाळगतो. छायाचित्रातील करडी भिंत किंचित गुलाबी झाली आहे का, हे त्याच्या डोळ्याला कळणार नाही. पण तांबडा, हिरवा, निळा हे तिन्ही अंक समान असतील तर ती भिंत निखळ करडीच आहे, हे त्याला खात्रीने सांगता येते. काम छपाईला जाण्यापूर्वी तो ते सहकाऱ्याला दाखवितो. मुद्रितशोधन दुसऱ्याकडून करवून घेण्यात लेखकाला जसा कमीपणा नाही, तसाच हाही प्रकार आहे.

तथापि सर्वच कामे सारखी सोपी आहेत असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पैठणीच्या जाहिरातीत वस्त्राची छटा हुबेहूब उतरविणे, चेहऱ्याच्या कांतीचे रंगसंस्करण करणे, छापील नमुना मूळ चित्राशी ताडून पाहणे अशा कामांत केवळ आकड्यांवर भागत नाही. दुसरा डोळा लागतोच. अशा व्यक्तीने आपली उणीव नोकरी देणाऱ्यास आरंभीच सांगावी आणि त्याने कामाची वाटणी तशी करावी, हे उभयपक्षी हिताचे. उलट अक्षररचना, पुस्तकाची मांडणी, बोधचिन्हे, आलेख, रेखाचित्रे हे क्षेत्र इतके विस्तृत आहे की त्यात रंगदृष्टीचा प्रश्न क्वचितच आडवा येतो. कलेच्या इतिहासात याचे दाखले आहेत. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कलावंत शार्ल मेरियाँ याने रंगांधत्वामुळे रंगचित्रे सोडली आणि अम्लरेखनाकडे वळून जुन्या पॅरिसची जी दृश्ये कोरली, त्यांवरच त्याची कीर्ती उभी आहे. अमेरिकन मुद्राचित्रकार पीटर मिल्टन यांनीही १९६२ मध्ये आपले रंगांधत्व कळल्यानंतर काळ्यापांढऱ्या मुद्राचित्रांचा मार्ग धरला.

सार्वजनिक माहितीची रचना

अशा संकल्पनकाराकडे एक जाण सहज असते. केवळ रंगावर विसंबलेली माहिती कोठे निरुपयोगी ठरते, हे त्याला इतरांआधी कळते. शासकीय कार्यालये, शाळा व पंचायती यांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण आपले नकाशे, आलेख, सूचनाफलक व तक्ते यांत ‘तांबडे म्हणजे धोका, हिरवे म्हणजे ठीक’ हा संकेत सर्रास वापरला जातो.

शाकाहारी व मांसाहारी खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरील खुणांचे उदाहरण घ्यावे. पूर्वी दोन्ही खुणा चौकोनातील भरीव वर्तुळाच्याच होत्या. एक हिरवी, दुसरी तपकिरी. रंगांध व्यक्तीची गल्लत व्हावी अशी नेमकी ही जोडी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मांसाहारी पदार्थासाठी वर्तुळाऐवजी त्रिकोण आणला, आणि रंग न ओळखताही खूण वाचता येऊ लागली. कीटकनाशकांच्या डब्यांवरील चिन्हात ही काळजी अगोदरपासूनच घेतलेली आहे. कोनावर उभ्या केलेल्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. वरच्या अर्ध्यात विषारीपणाच्या प्रतीनुसार इशाऱ्याचे शब्द असतात आणि सर्वांत जहाल विषावर कवटीचे चिन्ह असते. शेतकऱ्याला रंग ओळखू आला नाही तरी कवटी ओळखू येते. अंगणवाडीत बालकाचा दंडघेर मोजण्याच्या पट्टीवरही तांबडा, पिवळा व हिरवा असे पट्टे असतात, तेथे ११.५ व १२.५ सेंटिमीटर हे आकडे वाचून नोंद करणे अधिक सुरक्षित.

ज्यांना नवीन तक्ते किंवा फलक करावयाचे आहेत त्यांच्यासाठी जपानचे मासाताका ओकाबे व केइ इतो या दोन शास्त्रज्ञांनी सुचविलेला आठ रंगांचा संच उपलब्ध आहे. काळा, नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी व तांबूस जांभळा हे ते रंग असून त्यांच्या छटा अशा बेताने निवडल्या आहेत की रंगांध वाचकालाही त्या निराळ्या दिसाव्यात. आलेखातील रेषांवर नावे लिहिणे, नकाशातील क्षेत्रे तिरप्या रेघांनी किंवा ठिपक्यांनी भरणे, फळ्यावर तांबड्या खडूऐवजी पिवळा किंवा पांढरा खडू वापरणे, यांना तर काहीच खर्च नाही. तयार तक्ता पुरेसा स्पष्ट आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याची एक काळीपांढरी झेरॉक्स प्रत काढावी आणि ज्याने मूळ तक्ता पाहिलेला नाही अशा माणसाला ती वाचावयास द्यावी. ज्या ठिकाणी तो अडखळेल तेथे शब्द, आकडा किंवा आकृती घालून तो भाग पुन्हा काढावा.