वैशाखातील बिनचुलीचे जेवण

कामगार चळवळीतल्या माणसाने गोदाघाटावर येऊन दहीपोह्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण तासांचा हिशेब मांडण्यात आमचे आयुष्य गेले, आणि स्वयंपाकघरातले तास त्या हिशेबात आम्हीही कधी धरले नव्हते.

१९४८ च्या कारखाने कायद्याने असे ठरविले, की सलग पाच तासांहून अधिक काम घ्यावयाचे नाही, मध्ये निदान अर्धा तास विसावा द्यावयाचा. जेथे अडीचशेंहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पाणी गार करून देण्याची सोय ठेवावयाची. फार चांगली कलमे. पण नाशकात पारा चाळिशीला टेकला असता पत्र्याच्या खोलीत शेगडीपुढे उभी राहणारी बाई त्यांत कोठेच बसली नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी, म्हणजे नेमकी कामगारदिनी, सुरू झाली. तिने पुष्कळ घरांतला धूर कमी केला. मात्र गॅसची आच काही थंड नसते.

आमचे डोळे उघडले ते सिन्नरला. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. भर दुपारी गेलो असता एक मावशी मांडीवरचे सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, “भाऊ, चूल पेटवली की तेवढ्या विड्या बुडाल्या.” आणि त्यांनी लेकीकडून सातूचे पीठ आमच्यापुढे ठेवले, गुळाच्या पाण्यात कालवलेले. पोट भरले, अंगही निवले.

बिनचुलीचे जेवण म्हणजे कच्चे जेवण नव्हे. त्याची चूल आधीच पेटून विझलेली असते. सातूसाठी गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून मग दळतात. मेतकुटाचे तेच. पोह्यांसाठी भात भिजवून, भाजून कुटतात. चुरमुरे आणि फुटाणे तर भट्टीतूनच येतात. या साऱ्यांनी एकदा विस्तव पाहिलेला आहे. आता त्यांना हवा असतो तो केवळ ओलावा.

तो कोठून द्यावा, हे कोकणातल्या दडप्या पोह्यांनी शिकवावे. पातळ पोह्यांत ओला नारळ, चिरलेला कांदा, मीठ, साखर, लिंबू घालावयाचे आणि झाकण दडपून ठेवावयाचे. वरून पाणी लागत नाही. मिठाने कांद्याला जे पाणी सुटते आणि नारळात जो ओलावा असतो त्यातच पोहे मऊ होतात. आमच्याकडे नारळ महाग पडतो. तेव्हा काकडी किसून तिच्या पाण्यासकट घालावी, वर दाण्याचे कूट. मात्र अंगमेहनत करणाऱ्याला नुसत्या पोह्यांनी चार वाजेपर्यंत दम निघत नाही. जोडीला मूठभर फुटाणे आणि वाटीभर दही हवेच.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ आपण वाटीभर वाढून संपवितो. आम्हांस ती जेवण म्हणूनच मान्य आहे. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटावी, त्यात कैरीचा कीस, मिरची, मीठ आणि चिमूटभर साखर. फोडणीचा मोह आवरत नसेल तर मिनिटभर पळी तापवावी, आमची हरकत नाही. जोडीला सकाळची भाकरी आणि ताक.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. विस्तव अन्न शिजवितो, तसाच तो जंतूही मारतो. तो टाळला की ती जबाबदारी पाण्यावर आणि हातांवर येते. टंचाईच्या दिवसांत टँकरचे पाणी असेल तर ते आदल्या रात्री उकळून निववावे. डाळ त्यातच भिजवावी, काकडी त्यानेच धुवावी. दही कालवलेले पोहे दोन तासांच्या आत संपवावे, डब्यात घालून पाळीवर नेऊ नयेत. डब्यात कोरडे पोहे न्यावे आणि दही निराळे, थंड जागी ठेवता येत असेल तरच. मोड आलेली मटकी कच्ची खाण्याची हौस पुष्कळांना असते. पण ज्या ओलसर उबेत मोड येतात तिच्यात जंतूही वाढतात. लहान मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे यांना ती वाफवूनच द्यावी.

आणि यात पोळी गोल लाटावयाची नसते, की भाताचे पाणी बेतावयाचे नसते. त्यामुळे “मला येत नाही” हे पुरुषांचे जुने कारण येथे चालत नाही. आम्ही स्वतः काकडी किसावयास शिकलो ते पन्नाशी उलटल्यावर. पहिल्या दिवशी मीठ दोनदा पडले. घरच्यांनी वर आणखी पोहे घातले आणि काही न बोलता जेवल्या.