ब्रा : धुवायची कशी, वाळवायची कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो, आजचा विषय ऐकून काही जणींनी रेडिओचा आवाज जरा कमी केला असेल. हरकत नाही, पण बंद करू नका. पैठणी कशी जपावी हे आपल्याला पाठ असतं. मलमलीचं फडकं, अधूनमधून घडी बदलणं, सगळं आपण निगुतीनं करतो. ती पैठणी वर्षातून दोनदा नेसली जाते. ब्रा मात्र रोज दहा-बारा तास अंगावर असते, आणि तिच्या निगेबद्दल बहुतेक मुलींनी घरात एकच वाक्य ऐकलेलं असतं : ‘टॉवेलाखाली घाल वाळत, कुणाला दिसता कामा नये.’

मी गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनींना वस्त्रशास्त्र शिकवते. या एका वाक्यापायी कपडेही लवकर कामातून जातात आणि अंगालाही त्रास होतो, असं माझं मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी ब्रा खराब होते म्हणजे तिचं नेमकं काय होतं, ते पाहू.

कापड क्वचितच फाटतं. जातं ते इलॅस्टिक. आपल्या आज्या-पणज्या चोळी घालत. सुती नाहीतर खणाची, बेताची शिवलेली आणि पुढे गाठ मारलेली. तिच्यात ताणणारं असं काही नव्हतंच. त्यामुळे ती सोड्यात उकळा, दगडावर आपटा, दोघींनी दोन टोकं धरून पिळा, तिचं काही बिघडत नसे. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या बाईंनी १९१४ साली ब्रेसियरचं पेटंट घेतलं, तीसुद्धा दोन रेशमी हातरुमाल आणि फीत जोडून शिवलेली होती. हल्लीच्या ब्रामध्ये असतो तो ताणणारा धागा पुष्कळ नंतरचा. ड्यूपॉन्ट कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी तो १९५८ साली तयार केला. त्याला स्पॅन्डेक्स म्हणतात, लायक्रा हे त्याचंच बाजारातलं एक नाव. हा धागा पॉलियुरेथेनचा असतो. मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणला तरी सोडल्यावर जागेवर येतो. वस्त्र असं बदललं, पण आपली धुण्याची रीत चोळीचीच राहिली.

या धाग्याचे शत्रू थोडेच आहेत, पण पक्के. उष्णता, क्लोरीनचं ब्लीच, घाम आणि अंगाचं तेल, आणि पिळा. पांढरी ब्रा पिवळी पडली म्हणून तिला ब्लीच लावलं, तर रंग उजळेलही, पण इलॅस्टिक कायमचं ढिलं पडेल. कपडे मऊ करणारं द्रव्यही शेवटच्या पाण्यात घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड घाम नीट टिपत नाही.

धुणं सोपं आहे. बादलीत साधं किंवा अगदी कोमट पाणी घ्या, त्यात सौम्य पातळ साबण विरघळवा आणि ब्रा दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. रात्रभर नको. मग छातीखालचा पट्टा आणि काखेजवळचा भाग बोटांनी चोळा, कारण घाम तिथेच मुरतो. कपड्याचा ब्रश कटोरीवर फिरवू नका. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर अंगाच्या साबणानं धुऊ नका, त्याचा चिकट साका कापडात बसतो आणि पांढरं कापड राखट दिसू लागतं. अंगावर पाजणाऱ्या आईच्या ब्रावर दुधाचे डाग असतात. ते आधी गार पाण्यातच काढावेत. गरम पाण्यानं दुधातलं प्रथिन कापडात घट्ट बसतं.

मग पिळायचं नाही. विशेषतः स्पंजाच्या कटोरीची ब्रा पिळली की स्पंज दुमडतो आणि पुन्हा सरळ होत नाही. कोरड्या टॉवेलात गुंडाळून तळव्यानं दाबली की निम्मं पाणी निघून जातं.

नोकरी करणाऱ्या बाईनं रोज हातानं धुवावं असा माझा मुळीच आग्रह नाही. मशीनला लावा, फक्त हूक अडकवून आणि जाळीच्या पिशवीत घालून. उघडे हूक दुसऱ्याच कपड्यात अडकतात आणि खांद्याचे पट्टे साडीच्या पदराला वेटोळे घालतात. ब्रामध्ये तार असेल तर ती निसटून मशीनच्या पिंपातही अडकू शकते. मशीनचा ड्रायर मात्र टाळा.

आता तो टॉवेल. ब्रा हे अनेक थरांचं वस्त्र आहे. कटोरीत दोन-तीन पदर, मध्ये स्पंज, कडेला जाड शिवण. तिला साध्या सुती कपड्यापेक्षा वाळायला जास्त वेळ लागतो, आणि नेमकी तीच आपण ओल्या टॉवेलाखाली, मोरीतल्या खुंटीवर, नाहीतर कपाटामागे घालतो. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत अशी ब्रा दोन दिवसांतही वाळत नाही. तिला कुबट वास येतो, शिवणीवर काळे ठिपके दिसतात. ती बुरशी असते. तरी सकाळी घाईत तीच दमट ब्रा अंगावर चढते, वरून घाम, लोकलची गर्दी. मग छातीखाली खाज, लालसर चट्टा आणि कुणाला न सांगता चोळलेलं मलम.

गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात नायट्याचा, म्हणजे गजकर्णाचा, हट्टी आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा प्रकार वाढला आहे. दुकानातून परस्पर आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. त्यानं खाज थांबते पण नायटा आतून पसरतो. तेव्हा चट्टा दिसला की त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, लाजू नका. आणि हे दिवस इलॅस्टिक वाचवण्याचे नव्हेत. आतले कपडे घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळे, ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. ब्राचं आयुष्य चार महिन्यांनी कमी झालं तरी चालेल.

एरवी ब्राला सावली आणि वारा हवा. रणरणत्या उन्हात दिवसभर राहिली तर इलॅस्टिक कडक पडतं. खांद्याच्या पट्ट्यानं लोंबकळत ठेवू नका, ओल्या वजनानं पट्टा ताणतो. दोन कटोऱ्यांच्या मधोमध दोरीवर टाका किंवा छातीखालच्या पट्ट्याला चिमटा लावा. पावसात घरातल्या दांडीवर, पंख्याखाली. आणि उघड्यावर. घरातल्या पुरुषांचे गंजीफ्रॉक आणि चड्ड्या गॅलरीत राजरोस फडफडत असतात, त्यांच्या शेजारी आपली एक ब्रा वाळली तर कुणाचं काय बिघडतं? सासूबाईंना आवडणार नसेल तर खोलीच्या खिडकीत वाळवा, पण वारा सोडू नका.

आणखी थोडं इलॅस्टिकबद्दल. आधाराचा बहुतेक भार खांद्यावर नसतो, छातीखालच्या पट्ट्यावर असतो. म्हणून नवी ब्रा सगळ्यांत बाहेरच्या, सैल हुकात नीट बसेल अशीच घ्या. पट्टा हळूहळू ताणत जाईल तशा आतल्या हुकांच्या रांगा वापरता येतात. दुकानातच शेवटचा हूक लावावा लागला तर पुढे घट्ट करायला जागा उरत नाही. एकच ब्रा रोज घालू नका. दिवसभर ताणलेल्या धाग्याला मूळ जागी यायला वेळ लागतो. एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात अशा तीन असल्या की तिन्ही जास्त टिकतात. पाच-सहाशे रुपयांची वस्तू आहे, हा हिशेब कमी नाही. कपाटात ठेवताना एक कटोरी दुसरीत उलटी घालून घडी करू नका, एकामागे एक उभ्या लावा.

पट्टा आतल्या हुकावरही पाठीवर वर सरकू लागला, तर ती ब्रा संपली असं समजा. खांद्याचे पट्टे आवळून उपयोग नाही, त्यानं खांद्यावर फक्त वळ उठतात. हूक वाकले असतील तर मात्र टाकू नका. हुकांची तयार पट्टी मॅचिंग सेंटरमध्ये मिळते, घरच्या सुईनंही बसते. तारेचं टोक बाहेर आलं असेल तर ते आत ढकलून वर जाड कापडाचं छोटं ठिगळ घट्ट शिवा. तेवढा वेळ नसेल तर दोन्ही बाजूंच्या तारा ओढून काढा आणि ती ब्रा घरात वापरा.