ड्यूक एलिंग्टन आणि दिल्लीची साळुंकी

दिल्लीतील एका पाखराचे नाव जाझ संगीताच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी असेल. हे पाखरू मैनेच्या कुळातले, म्हणजे आपल्या साळुंकीच्याच गोतावळ्यातले. आणि त्याला हे भाग्य ज्यांच्यामुळे लाभले, ते अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतकार ड्यूक एलिंग्टन होत.

एलिंग्टन यांचा जन्म १८९९ साली वॉशिंग्टन येथे झाला. १९२७ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात त्यांचा वाद्यवृंद बसू लागला. तेथे रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत असत. प्रेक्षकांत मात्र गोऱ्यांनाच स्थान होते. त्यांचे वादन तेथे 'जंगली संगीत' म्हणून खपविले जाई. त्या अपमानास्पद नावाच्या आडोशाने हा मनुष्य अत्यंत सूक्ष्म असे स्वरमेळ सिद्ध करीत होता. वाद्याकरिता न लिहिता तो वादकाकरिता लिही. भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवरा'च्या चाली बसविताना बालगंधर्वांचा गळा डोळ्यांपुढे ठेवला असेल, तसाच एलिंग्टन जॉनी हॉजेसचा सॅक्सोफोन मनात धरून स्वर मांडीत. असे असूनही दक्षिणेकडील राज्यांत त्यांच्या मंडळींना हॉटेलात जागा मिळत नसे. म्हणून रेल्वेचे खास डबे घेऊन त्यांतच राहण्याची वेळ त्यांच्यावर येई.

आणि ह्याच एलिंग्टनना १९६३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मध्यपूर्वेच्या व भारताच्या दौऱ्यावर पाठविले. शीतयुद्धाचे दिवस होते. आपल्या देशात कृष्णवर्णीयही मानाने जगतो, हे जगाला दाखवावयाचे होते. दौरा नुकताच सुरू झालेला असताना १५ सप्टेंबर रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे चर्चमध्ये बाँब उडाला व चार कृष्णवर्णीय मुली ठार झाल्या. परदेशी पत्रकार वर्णद्वेषाविषयी विचारीत आणि एलिंग्टन बरेचदा आपल्या देशाची बाजू सावरून धरीत. त्यांना सरकारचे बाहुले म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. त्याच उन्हाळ्यात शिकागोत सादर केलेल्या 'माय पीपल' ह्या प्रयोगात बर्मिंगहॅमच्या लढ्यावर त्यांनी गीत रचले होते. मात्र हा मनुष्य सभेत जे बोलत नसे ते संगीतात बोले, आणि पुष्कळांना तेवढे पुरेसे वाटले नाही, हेही खरे.

दिल्लीत ते आजारी पडले, रुग्णालयात राहावे लागले. काही कार्यक्रम त्यांच्यावाचूनच पार पडले. सोबत त्यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न होते. स्ट्रेहॉर्न यांच्या खोलीपाशी एक मैना येऊन एकच लकेर पुनःपुन्हा गाई. तिच्यावरून जी रचना झाली तिचे नाव 'ब्लूबर्ड ऑफ डेल्ही'. आमची साळुंकी निळी कधी झाली, असे कोणी विचारील. पण 'ब्लू' म्हटले की जाझवाल्याला 'ब्लूज' आठवणारच.

नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाली तेव्हा मंडळी अंकाऱ्यात होती. दौरा तेथेच संपला. ऐकलेल्या तालांची वा स्वरांची नक्कल करावयाची नाही, ते मनात मुरू द्यावयाचे, असे एलिंग्टन यांचे धोरण होते. म्हणून ध्वनिमुद्रण झाले ते १९६६ च्या डिसेंबरात. त्यात ना सतार आहे ना तबला. 'फार ईस्ट सूट' हे नाव मात्र फसवे आहे. त्यातील बहुतेक रचना अतिपूर्वेच्या नव्हेत, आणि 'इस्फहान' तर दौऱ्याआधीच दुसऱ्या नावाने लिहून झाली होती!

श्रेयाचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. वाद्यवृंदाची ओळख बनलेली 'टेक द ए ट्रेन' ही धून स्ट्रेहॉर्न यांची. कित्येक रचनांत कोणाचा हात कोठे थांबला हे सांगणे कठीण. कीर्ती बहुतांशी एलिंग्टन यांच्या पदरी गेली. १९६७ च्या मे महिन्यात स्ट्रेहॉर्न वारले. खुद्द एलिंग्टन यांनाही १९६५ साली परीक्षकांची शिफारस असताना पुलित्झर मंडळाने गौरव नाकारला. तो मिळाला १९९९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

दिल्लीची रचना ऐकताना प्रथम जिमी हॅमिल्टन यांच्या क्लॅरिनेटवर ती लकेर येते, आणि तीच पुन्हा येत राहते. एलिंग्टन श्रोत्यांना सांगत की, ह्या पक्ष्याला बोलके करण्याची स्ट्रेहॉर्न यांची सारी खटपट वाया गेली. मंडळी निघाली तेव्हा मात्र तिने एक जाडाभरडा, चेष्टेचा आवाज काढला. रचनेच्या अखेरीस जो खर्जातला बेसूर हुंकार ऐकू येतो, तो तोच.