जनुकांच्या वावरातलं तण

बोरगाव मेघेहून एका वाचक भगिनीने विचारलं आहे : आपल्या डीएनएमध्ये प्राचीन विषाणूंची जनुकं असतात आणि त्यांवरून स्तनाचा कर्करोग लवकर ओळखता येतो, असं वाचलं. माझ्या मावशीला हा आजार होता. माझ्यात ती जनुकं आहेत का, हे कुठे तपासून मिळेल?

ताई, ती तुमच्यात आहेतच. माझ्यात आहेत, तुमच्या शेजाऱ्यांतही आहेत. माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांचा आहे. प्रथिनं बनवण्याच्या सूचना मात्र २ टक्क्यांहूनही कमी जागेत मावतात. लाखो वर्षांपूर्वी हे विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या वारशाने उतरत राहिले. त्यांतल्या एकाचं जनुक तर आपण कामाला लावलं आहे. गर्भाची वार घडवणारं सिन्सिटिन हे प्रथिन मूळचं विषाणूचं. आईच्या पोटात आपण वाढलो, त्यात त्याचा वाटा आहे!

मग तपासायचं काय? आपल्याकडचं पऱ्हाटीचं वावर डोळ्यांपुढे आणा. तणाचं बी प्रत्येक वावरात असतंच. मूठभर माती घेऊन त्यात बी आहे का हे पाहिलं, तर उत्तर सगळीकडे ‘आहे’ असंच येणार. वेळेवर डवरणी आणि निंदण होत असेल, तर ते बी वर येत नाही. तण माजलेलं दिसलं की जाणता शेतकरी ओळखतो, इथली मशागत थांबली आहे. तशीच निरोगी पेशी या विषाणूजन्य जनुकांवर रासायनिक खुणा लावून त्यांना गप्प ठेवते. कर्करोगात त्या खुणा पुसल्या जातात आणि जनुकं बोलू लागतात. शोध घ्यायचा तो या उगवण्याचा. आणि तणामुळे मशागत थांबली की मशागत थांबल्यामुळे तण आलं, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे अजून उभाच आहे.

स्तनाच्या कर्करोगात ज्याची चर्चा होते ते विषाणूंचं कूळ म्हणजे एचईआरव्ही-के. या कर्करोगाच्या काही पेशींना प्रयोगशाळेत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दिलं, तर त्या चक्क विषाणूसारखे कण बाहेर टाकतात. अमेरिकेत फेंग वांग-जोहानिंग यांच्या गटाने २०१४ साली दाखवलं, की आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्त्रियांच्या रक्तातही या कुळाविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली सापडतात. बातम्या येतात त्या अशा कामांवरून.

या बातम्यांत मुंबईतल्या परळचा उल्लेख नसतो, याची मला फार खंत वाटते. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवलं, की उंदरांत स्तनाच्या कर्करोगाला कारणीभूत असणारं काहीतरी आईच्या दुधातून पिलांत जातं. ते ‘काहीतरी’ म्हणजे रेट्रोव्हायरस निघाला. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या शिष्या कमल रणदिवे यांनी हाच विषय हाती घेतला. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या या बाईंनी १९५२ साली परळला स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू ही तिन्ही सूत्रं एकत्र धरून स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. तोही अशा काळात, जेव्हा यातलं एकेकच सूत्र धरून बसण्याची रीत होती. त्याच केंद्रात डॉ. सत्यवती सिरसाट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करत. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त, आणि लग्नं समाजातल्या समाजात. म्हणून त्यांच्या दुधात उंदरांसारखा विषाणू दिसतो का, हे अमेरिकी सहकाऱ्यांसोबत तपासलं गेलं. तसे दिसणारे कण सापडले, आणि १९७१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या शोधलेखावर सिरसाट, पेमास्टर, वैद्य ही मुंबईची नावं आहेत. दुधातल्या कणांवरून कर्करोग ओळखता येईल ही आशा पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. पण १९८६ साली जपानच्या मासाओ ओनो यांनी माणसातल्या एचईआरव्ही-केचा पूर्ण क्रम वाचला, तेव्हा त्याचं नातं उंदरांच्या याच विषाणूशी निघालं. परळमध्ये ज्याचा माग काढला जात होता, त्याचा भाऊबंद आपल्याच डीएनएमध्ये होता.

दुधातल्या कणांवर आशा बांधण्याची तेव्हाची घाई आठवली, की आजच्या मथळ्यांपुढेही थबकावंसं वाटतं. एचईआरव्ही-के त्वचेच्या मेलॅनोमात जागं होतं, वृषणाच्या काही गाठींत होतं, एचआयव्हीच्या संसर्गातही होतं. रक्तात त्याची खूण सापडली म्हणून दोष स्तनातच आहे, असं म्हणता येत नाही. उद्या कुणी ‘प्राचीन विषाणू चाचणी’ म्हणून पाकीट विकायला आलं, तर पैसे देऊ नका.

त्यापेक्षा दुसरी एक गोष्ट सांगतो. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा वीस वर्षं मागोवा घेतला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. यंत्र नाही, रक्त नाही. २०२१ साली निष्कर्ष आले : गाठी आधीच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये तशी घट दिसली नाही, हेही त्यात आहे.

ताई, मावशीच्या आजाराची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा; मावशीचं वय तेव्हा किती होतं, घरात आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हेही. या कर्करोगांचा धोका वारशाने वाढवू शकणाऱ्या बीआरसीए जनुकांची तपासणी हवी का, हे त्यावरून ठरतं. त्या जनुकांचा या विषाणूंशी संबंध नाही. सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडची मोठी रुग्णालयं तुमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहेत. गाठ लागली, त्वचेला खळी पडली किंवा स्तनाग्रातून रक्त आलं, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.