संगणकाची रोजकीर्द

वाचकहो, व्यवहार आधी रोजकिर्दीत लिहावा आणि मग खतावणीत चढवावा, ही दुकानदारीची जुनी रीत तुम्हांला ठाऊक आहेच. संगणकाच्या डिस्कवरही अशी एक रोजकीर्द असते. तिला जर्नल म्हणतात. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत ते १९९३ पासून आहे आणि बंद करता येत नाही. लिनक्सच्या २००८ सालच्या एक्स्ट-४ पद्धतीत मात्र ते बंद करता येते, आणि घोटाळा तिथेच होतो.

समजा, मोहाडीच्या शाळेत गुरुजी दहावीचे गुण साठवीत आहेत. आपल्याला वाटते, कळ दाबली की झाले! पण आत निदान तीन नोंदी व्हाव्या लागतात: फाईल कोणत्या फोल्डरात, तिचा मजकूर डिस्कच्या कोणत्या खणांत, आणि ते खण आता रिकामे नाहीत, ही. मृगाचे वादळ आले, दोन नोंदी झाल्या आणि वीज गेली. आता डिस्कच्या लेखी ते खण रिकामेच. उद्या कोणी पगारपत्रक साठवले, तर ते त्याच खणांत जाऊन बसेल. एकच बांधी दोघांना विकावी, तसे. शिवाय हे कळते फार उशिरा.

जर्नल असले म्हणजे संगणक ते चाळतो, पुरा लिहिलेला बदल तडीस नेतो, अर्धवट असेल तो सोडून देतो. क्षणांचे काम. ते नसले तर सारी डिस्क तपासावी लागते. बेवारस सापडलेल्या फाईली नावाविना, नुसत्या आकड्यांनी एका फोल्डरात पडतात. त्यातून गुणपत्रक कसे ओळखणार?

मग लोक ते बंद का करतात? लिहिणे कमी होते, वेग थोडा वाढतो, एसएसडीची झीज कमी होते. खरे आहे, पण एरवी त्यात मांडणीच्याच नोंदी जातात, सारा मजकूर जात नाही, म्हणून बचत बेताचीच. (न साठवलेला परिच्छेद तर जर्नलही परत देत नाही.) एक्स्ट-४ जर्नलविना चालवण्याची सोय गूगलने केली, पण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीच्या प्रती अनेक यंत्रांवर असतात. आपल्या शाळेत एकच यंत्र!

कोणी आधीच बंद केले असेल, तर प्रथम सर्व फाईलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग जाणत्याकडून ती डिस्क वापरातून सोडवून पुरती तपासून घ्या, आणि त्यानंतरच जर्नल पुन्हा सुरू करायला सांगा.